कर्नलच्या कॉन्फिगमध्ये पर्याय एकमेकांना अडवतात तेव्हा: नवख्यांसाठी वाटाड्या

कर्नलमध्ये कोणते पर्याय घ्यायचे ते ज्यात लिहिलेलं असतं ती डॉट-कॉन्फिग फाईल एडिटरमध्ये उघडली. हव्या त्या पर्यायापुढे ‘=वाय’ लिहिलं, सेव्ह केलं आणि कर्नल बांधणारी मेक ही आज्ञा चालवली. तासाभराने कर्नल तयार झाला, बूटही झाला, पण तो पर्याय त्यात नव्हताच. फाईल पुन्हा उघडली तर मी हाताने लिहिलेली ओळच गायब. एरर नाही, इशारा नाही, काही नाही.

लिनक्स कर्नल स्वतः बांधायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो. मला आला तेव्हा समजावून सांगणारं जवळ कुणी नव्हतं, म्हणून तीन दिवस मी कर्नलचा सोर्सच बिघडलाय असं समजून तो पुन्हापुन्हा डाउनलोड करत होते. आता एम्बेडेड बोर्डांवरचं काम करताना आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी नवीन मुलगा किंवा मुलगी हाच प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी येते. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

हे फक्त कर्नलपुरतं नाही. कर्नलचं कॉन्फिग सांभाळणारी केकॉन्फिग ही व्यवस्था यू-बूट, बिझीबॉक्स, बिल्डरूट, ओपनडब्ल्यूआरटी, कोअरबूट, झेफर आणि ईएसपी-आयडीएफ यांतही वापरतात. एकदा कर्नलमध्ये समजलं की बाकी ठिकाणी तेच ज्ञान चालतं.

आज्ञा आणि पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीतच टाकायची.

हाताशी काय काय हवं

- ज्या आवृत्तीचा कर्नल बांधायचा तिचा पूर्ण सोर्स. शक्यतो गिटमधून घ्या, म्हणजे जुन्या-नव्या आवृत्तीतला फरक बघता येतो.
- सध्या चालू असलेल्या कर्नलची कॉन्फिग फाईल. डेबियन, उबुंटू आणि फेडोरात ती बूट फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग-’ आणि पुढे आवृत्ती अशा नावाने असते.
- डेबियन किंवा उबुंटूवर ही पॅकेजेस: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएनकर्सेस-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबईएलएफ-डेव्ह. बीटीएफ, म्हणजे कर्नलमधल्या डेटा-टाइप्सची माहिती, हवं असेल तर ड्वार्व्ज हे पॅकेजही लागेल, कारण पाहोल हे टूल त्यातून येतं.
- डिस्कवर १२ ते १५ जीबी मोकळी जागा. डीबगची माहिती चालू ठेवली तर याहून जास्त लागू शकते.
- सोर्समधल्या डॉक्युमेंटेशन फोल्डरातल्या केबिल्ड या उपफोल्डरातली ‘केकॉन्फिग-लँग्वेज’ ही फाईल. एका बैठकीत वाचून होते आणि पुढे वर्षानुवर्षं पुरते.

१. आधी फाईलची प्रत बाजूला ठेवा

मूळ कॉन्फिग फाईल वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि त्या फोल्डरात गिट सुरू करा. कॉन्फिगमध्ये एक बदल केला की एक कमिट. केकॉन्फिग स्वतः ‘डॉट-कॉन्फिग-डॉट-ओल्ड’ नावाने जुनी प्रत ठेवतं, पण ती फक्त आधीच्या सेव्हची. दोनदा सेव्ह केलं की मूळ फाईल हातातून गेली.

२. तीन किंमती आणि चार नाती समजून घ्या

ही पायरी गाळू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

कर्नलमधले बहुतेक पर्याय दोन प्रकारचे. बूल म्हणजे वाय किंवा एन. ट्रायस्टेट म्हणजे वाय, एम किंवा एन. वाय म्हणजे तो भाग कर्नलच्या मुख्य फाईलमध्येच बांधला जातो, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल होतं, एन म्हणजे नाही. याशिवाय अक्षरं, पूर्णांक आणि हेक्स आकडे घेणारे पर्यायही असतात, पण भांडणं होतात ती मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांत.

पर्यायांची एकमेकांशी नाती चार. ‘डिपेंड्स ऑन’ वरची मर्यादा घालतं: ज्याच्यावर अवलंबून त्याच्यापेक्षा वर जाता येत नाही. ‘सिलेक्ट’ खालची मर्यादा घालतं: कुणीतरी तुम्हाला ओढून चालू केलं, आता त्याच्या खाली उतरता येत नाही. ‘इम्प्लाय’ म्हणजे सौम्य सिलेक्ट, चालू करून ठेवतं पण तुम्ही बंद करू शकता. आणि ‘चॉइस’ म्हणजे गट, त्यातला एकच निवडायचा.

थोडक्यात, एका पर्यायाला वरून छत आणि खालून जमीन असते, आणि तुमची निवड त्या दोघांच्या मधल्या जागेतच होऊ शकते. जागाच उरली नसेल तर मेन्यूत तुम्ही कितीही स्पेस दाबा, काही हलत नाही. छत जमिनीच्या खाली गेलं तर काय होतं, ते सहाव्या पायरीत.

‘मग टूलने स्वतःच मार्ग काढून का देऊ नये?’ असं मला दरवेळी विचारतात. केकॉन्फिग रोमन झिपेल यांनी लिहिलं आणि ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४५ या आवृत्तीत ते कर्नलमध्ये आलं. त्याआधी एरिक रेमंड यांनी पायथनमध्ये सीएमएल-२ नावाची बरीच महत्त्वाकांक्षी व्यवस्था लिहिली होती, पण ती स्वीकारली गेली नाही. केकॉन्फिग मुद्दाम साधं ठेवलेलं आहे. ते प्रत्येक पर्यायाची मर्यादा मोजतं आणि तिथेच थांबतं. मर्यादा कशाने घातली ते मात्र ते लपवत नाही, विचारलं की सगळं सांगतं. विचारायचं कसं, तेच आपल्याला शिकायचं आहे.

मेन्यूकॉन्फिग या पर्याय निवडायच्या मेन्यूतल्या कंसांचाही अर्थ लक्षात ठेवा. चौकोनी कंस बूलचा. टोकदार कंस ट्रायस्टेटचा. महिरपी कंस दिसला तर कुणीतरी त्याला सिलेक्ट केलंय आणि आता फक्त एम किंवा वाय एवढंच हातात आहे. दोन आडव्या रेघांच्या मधे खूण दिसली तर तेवढंही नाही, तो पर्याय पूर्ण बांधलेला आहे.

३. पर्याय मेन्यूत दिसतच नाही तेव्हा

मेक मेन्यूकॉन्फिग चालवा आणि तिरकी रेघ ‘/’ दाबा. शोधाची चौकट उघडेल. पर्यायाचं नाव टाका, सुरुवातीचं ‘कॉन्फिग’ आणि अंडरस्कोर नाही टाकलं तरी चालतं. मेन्यूत न दिसणारे पर्यायही इथे सापडतात.

उत्तरात सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘डिपेंड्स ऑन’. तिथे प्रत्येक नावापुढे चौकोनी कंसात त्याची आत्ताची किंमत असते. ती ओळ डावीकडून उजवीकडे शांतपणे वाचा आणि जिथे अट तुटते तिथे थांबा.

खरं उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत रस्ट भाषेचा आधार पहिल्यांदा कर्नलमध्ये आला. उत्साहाने वितरणाची (उबुंटू, फेडोरा वगैरेंची) कॉन्फिग फाईल घेऊन मेन्यू उघडावा, तर जनरल सेटअपमध्ये रस्टचं नावच नाही. शोधून पाहिलं की अवलंबनांच्या ओळीत असं दिसतं: रस्ट-इज-अव्हेलेबल, किंमत एन. पुढे मॉडव्हर्जन्स नसावं अशी अट, आणि मॉडव्हर्जन्सची किंमत वाय. डीबग-इन्फो-बीटीएफ नसावं अशी अट, आणि तेही वाय. जीसीसी-प्लगिन्स आणि रँडस्ट्रक्ट नसावेत अशाही अटी. म्हणजे एकाच पर्यायाला चार-पाच जणांनी अडवलेलं आहे, आणि त्यातले बहुतेक वितरणाने आपल्या सोयीसाठी आधीच चालू केलेले आहेत.

इथे प्रत्येक अडथळ्याची जात वेगळी आहे.

रस्ट-इज-अव्हेलेबल तुम्ही मेन्यूतून कधीच चालू करू शकणार नाही. तुमच्या मशीनवर योग्य आवृत्तीचा रस्टसी हा रस्टचा कंपायलर आणि त्याच्यासोबत लागणारं बाइंडजेन हे टूल आहे का, हे तपासून ती किंमत आपोआप ठरते. मेक रस्टअव्हेलेबल ही आज्ञा चालवा. काय कमी आहे ते ती स्पष्ट शब्दांत सांगते.

जीसीसी-प्लगिन्सला जीसीसी हाच कंपायलर लागतो. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने बांधायला घेतलं, म्हणजे मेकच्या पुढे ‘एलएलव्हीएम=१’ दिलं, की तो अडथळा आपोआप दूर होतो.

मॉडव्हर्जन्स आणि बीटीएफ मात्र तुमच्याच निर्णयाचे. मॉडव्हर्जन्स बंद केलं तर बाहेरून बांधलेलं मॉड्यूल कर्नलशी जुळतं का, याची सिम्बॉलनिहाय तपासणी जाते. बीटीएफ बंद केलं तर त्यावर अवलंबून असलेली बीपीएफची, म्हणजे कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवणारी, टूल्स चालणार नाहीत. यातलं काय सोडायचं हे टूल ठरवू शकत नाही, तुम्हालाच ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर शिकण्यासाठी बांधलेल्या कर्नलमध्ये दोन्ही खुशाल बंद करा, पण बीपीएफ वापरून निरीक्षण चालू असलेल्या सर्व्हरवर बीटीएफला हात लावण्याआधी ते टूल चालवणाऱ्याला विचारा.

रस्टची ही यादी पुढच्या आवृत्त्यांत बदलत गेली आहे. म्हणून इथून पाठ करू नका, तुमच्या सोर्समध्ये तिरकी रेघ दाबून वाचा.

सापळा: मेन्यूकॉन्फिग साध्या मेकने चालवलं आणि नंतर बांधताना ‘एलएलव्हीएम=१’ दिलं, तर कंपायलर बदलतो, कंपायलरवर अवलंबून असलेले पर्यायही बदलतात, आणि बांधणी मधेच थांबून नवे प्रश्न विचारायला लागते. कॉन्फिग करताना जे शब्द मेकला दिले, तेच बांधतानाही द्या. दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी बांधताना आर्च आणि क्रॉस-कंपाइल यांनाही हाच नियम.

४. पर्याय दिसतो, पण वाय होत नाही, एमवरच अडतो

ट्रायस्टेटचं गणित इथे कामाला येतं. एनला ०, एमला १ आणि वायला २ समजा. ‘आणि’ म्हणजे दोघांतला लहान आकडा. ‘किंवा’ म्हणजे दोघांतला मोठा. ‘नाही’ म्हणजे २ मधून वजा.

वायफायचा पाया असलेला सीएफजी-८०२११ हा पर्याय बघा. शोधाच्या उत्तरात त्याच्या अवलंबनांत ‘आरएफकिल किंवा आरएफकिल नाही’ असं लिहिलेलं दिसतं. आरएफकिल म्हणजे वायफाय, ब्लूटूथचे रेडिओ चालू-बंद करण्याची सोय. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे निरर्थक वाटतं. एखादी गोष्ट असेल किंवा नसेल, ही अट नेहमीच खरी नाही का? बूल असती तर खरीच होती. पण आरएफकिल ट्रायस्टेट आहे. आता आकडे घाला.

आरएफकिल वाय असेल तर २ किंवा ०, मोठा २. सीएफजी-८०२११ वाय होऊ शकतं.
आरएफकिल एन असेल तर ० किंवा २, पुन्हा २. चालेल.
आरएफकिल एम असेल तर १, आणि २ वजा १ म्हणजेही १. मोठा १. म्हणून सीएफजी-८०२११ एमच्या वर जाऊच शकत नाही.

कारणही रास्त आहे. कर्नलच्या मुख्य फाईलमध्ये बांधलेला कोड, अजून लोडच न झालेल्या मॉड्यूलमधलं फंक्शन कसं बोलावणार? लिंकरच अडेल. त्या विचित्र दिसणाऱ्या ओळीचा अर्थ एवढाच: आरएफकिल नसलं तरी माझं चालेल, पण असेल आणि मॉड्यूल असेल, तर मलाही मॉड्यूलच व्हावं लागेल.

कर्नलमध्ये ही लकब शेकडो ठिकाणी आहे. एकदा ओळखायला शिकलात की एमवर अडलेला पर्याय दिसताक्षणी काय करायचं ते कळतं: जो एम आहे त्याला एक तर वाय करा, नाही तर एन करा. इथे आरएफकिलला वाय करून सेव्ह केलं की सीएफजी-८०२११ मोकळं होतं, आणि मग त्याच्यावर अवलंबून असलेलं मॅक-८०२११, आणि त्याच्यावर टेकलेले ड्रायव्हर. ही साखळी नेहमी तळापासून वर सोडवत यायची. वरच्या ड्रायव्हरपाशी कितीही धडपडलात तरी तळ एम असेपर्यंत तो वाय होणार नाही.

एक सल्ला मात्र वेगळा. वायफाय ड्रायव्हर वाय करण्याचा हट्ट बहुधा सोडलेलाच बरा. बहुतेक कार्डांना फर्मवेअर फाईल लागते, आणि कर्नलमध्ये बांधलेला ड्रायव्हर ती फाईल अशा वेळी मागतो जेव्हा रूट फाईलसिस्टिम माउंटच झालेली नसते. मग पर्यायांचं भांडण सोडवूनही वायफाय चालत नाही आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. एमच ठेवा.

५. पर्याय बंदच होत नाही

आता उलटा प्रकार. दोन रेघांच्या मधे खूण, एन दाबलं तरी ढिम्म. शोधाच्या उत्तरात यावेळी ‘डिपेंड्स ऑन’ नाही, ‘सिलेक्टेड बाय’ वाचा. ज्याने ओढून ठेवलंय त्याचं नाव आणि किंमत तिथे असते.

लहानसं उदाहरण: एक्स्पर्ट हा पर्याय चालू केला की डीबग-कर्नल आपोआप चालू होतो, कारण एक्स्पर्ट त्याला सिलेक्ट करतो. डीबग नको म्हणून कर्नल हॅकिंगच्या मेन्यूत जाऊन कितीही प्रयत्न करा, तो हलणार नाही. एक्स्पर्ट बंद करा, मग तो सुटतो. पण थांबा, एक्स्पर्ट बंद केल्यावर त्याच्यामुळे दिसणारे दुसरे बरेच पर्याय लपतील आणि आपल्या मूळ किमतीवर जातील. डीबग-कर्नल चालू असण्याने फारसं काही बिघडत नाही. तो मुख्यतः बाकीचे डीबग पर्याय दाखवण्यापुरता आहे. म्हणून अशा वेळी मी तो तसाच सोडते आणि त्याच्या आतले नको असलेले पर्याय एकेक बंद करते.

ओढणाऱ्यांची यादी कधीकधी पानभर असते. त्यातल्या ज्यांची किंमत एन आहे त्यांच्याकडे बघायचंही नाही. वाय आणि एम असलेले तेवढे शोधा.

६. ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ असा इशारा येतो तेव्हा

हा इशारा लोक सर्रास दुर्लक्षित करतात, कारण बांधणी पुढे चालू राहते. दुर्लक्ष करू नका. दुसऱ्या पायरीत म्हटलं तसं छत जमिनीच्या खाली गेलं की हा इशारा येतो. सिलेक्ट हे समोरच्याची अवलंबनं न बघताच त्याला ओढून चालू करतं. ज्याला ओढलं, त्याला लागणारी गोष्ट मात्र बंदच आहे. या भांडणात सिलेक्ट जिंकतं आणि अर्धवट पायावर उभा असलेला पर्याय चालू होतो. पुढे कंपाइल करताना किंवा लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो, आणि तोवर हा इशारा स्क्रीनवरून कधीच वर सरकून गेलेला असतो.

इशाऱ्यात तीन गोष्टी असतात: कोणता पर्याय अडचणीत आहे, त्याचं अवलंबन काय आणि त्याची किंमत, आणि त्याला कुणी सिलेक्ट केलं. मार्गही तीनच.

पहिला, अपुरं अवलंबन चालू करा. बहुतेक वेळा हेच बरोबर असतं.

दुसरा, ओढणारा पर्याय नको असेल तर तोच बंद करा.

तिसरा, दोष तुमच्या निवडीत नाही, केकॉन्फिग फाईल लिहिणाऱ्याच्या ओळीत आहे. एखाद्या चिप बनवणाऱ्याकडून आलेल्या पॅचेसमध्ये हे फार दिसतं. कर्नलच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलंय की सिलेक्ट जपून वापरावं, आणि शक्यतो ज्यांना मेन्यूत जागा नाही आणि ज्यांना अवलंबनं नाहीत अशाच पर्यायांसाठी वापरावं. पॅच तुमचा असेल तर सिलेक्टच्या जागी डिपेंड्स ऑन घाला, किंवा ओढणाऱ्यालाही तीच अवलंबनं द्या. मूळ कर्नलमध्येच सापडलं तर संबंधित मेंटेनरला कळवा. अशा दुरुस्तीचे छोटे पॅच आनंदाने स्वीकारले जातात, आणि कर्नलमध्ये पहिलं योगदान द्यायला यासारखी जागा नाही.

७. गटातला पर्याय बदलताना

सगळ्यात जास्त गोंधळ डीबग-इन्फोने घातला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते.

जुन्या लेखांत कर्नलचा आकार कमी करण्यासाठी एकच ओळ सांगितलेली असते: स्क्रिप्ट्स फोल्डरातलं कॉन्फिग हे टूल चालवा आणि डीबग-इन्फो डिसेबल करा. ५.१८ या आवृत्तीपासून ही ओळ एकटी पुरत नाही. तेव्हापासून डीबगची माहिती हा चॉइस गट झाला. त्यात नन, टूलचेनला मूळचं असेल ते ड्वार्फ (डीबगच्या माहितीचा साचा), ड्वार्फ-४, ड्वार्फ-५ असे पर्याय आहेत, आणि डीबग-इन्फो स्वतः लपलेला राहून ड्वार्फच्या पर्यायांकडून सिलेक्ट होतो. तुम्ही डीबग-इन्फो बंद केला, सेव्ह केलं, की ड्वार्फ त्याला लगेच पुन्हा ओढतो.

म्हणून बंद करायचं ते ओढणाऱ्याला. ड्वार्फचे तिन्ही पर्याय डिसेबल करा आणि डीबग-इन्फो-नन एनेबल करा. मेन्यूतून केलंत तर कर्नल हॅकिंगमध्ये जाऊन गटातून ‘डिसेबल’ निवडलं की एवढ्यावर भागतं.

सापळा: स्क्रिप्ट्समधलं कॉन्फिग टूल फक्त फाईलमधली ओळ बदलतं. अवलंबनं ते अजिबात तपासत नाही. चुकीचं नाव दिलंत तरी मुकाट्याने लिहून मोकळं होतं. त्यानंतर मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवणं आणि मग फाईलमध्ये आपली ओळ टिकली का हे ग्रेप या मजकूर शोधायच्या आज्ञेने बघणं, या दोन गोष्टी सक्तीच्या समजा.

८. गायब झालेल्या ओळीचा माग

सुरुवातीला सांगितलेली माझी हरवलेली ओळ आता सापडेल. फाईलमध्ये पर्यायाचं नाव ग्रेप करा. ‘इज नॉट सेट’ अशी ओळ मिळाली तर तो पर्याय उपलब्ध आहे, फक्त बंद आहे. ओळच मिळाली नाही तर बहुधा अवलंबनं अपुरी आहेत किंवा नावच चुकलंय. पहिल्या प्रकारात चालू करा, दुसऱ्यात तिसऱ्या पायरीकडे परत जा. एवढा एक फरक मला त्या दिवशी कुणी सांगितला असता तर ते तीन दिवस वाचले असते.

नावाची शंका असेल तर नव्या आवृत्त्यांत केकॉन्फिग-वॉर्न-अननोन-सिम्बॉल्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ ठेवून ओल्डडेफकॉन्फिग चालवा. फाईलमधल्या अनोळखी नावांबद्दल इशारे मिळतात. जुन्या आवृत्तीची फाईल नव्या कर्नलवर आणली असेल तर नाव बदललेले पर्यायही यात दिसून येतात.

ओल्डडेफकॉन्फिग काही न विचारता नव्या पर्यायांना मूळ किंमत देतं. सोयीचं आहे, पण मोठी उडी मारताना, समजा ५.१५ वरून ६.६ वर, आधी मेक लिस्टन्यूकॉन्फिगने नव्या पर्यायांची यादी बघा. मग स्क्रिप्ट्समधलं डिफकॉन्फिग जुन्या आणि नव्या फाईलवर चालवा. ते फक्त फरक दाखवतं, वजाचं चिन्ह असलेल्या ओळी गेलेल्या, अधिकचं असलेल्या नव्या. वजाच्या ओळी एकेक करून वाचाच.

एम्बेडेड कामात कॉन्फिगचे तुकडे जोडायचे असतात. तिथे स्क्रिप्ट्सच्या केकॉन्फिग फोल्डरातलं मर्ज-कॉन्फिग वापरा. दोन तुकड्यांनी एकाच पर्यायाला वेगळी किंमत दिली तर ते सांगतं, आणि शेवटचा तुकडा जिंकतो. तुम्ही मागितलेली किंमत अंतिम फाईलमध्ये आली नाही तर तेही सांगतं. हे दुसरं वाक्य दिसलं की काम थांबवा.

मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरणार असाल तर एक काळजी घ्या. ते त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्सच ठेवतं. प्रिंटर, पेनड्राइव्ह, यूएसबी-इथरनेट, ब्लूटूथ हेडफोन, व्हीपीएन, जे जे कधी वापरता ते आधी एकदा जोडून चालवून घ्या.

९. कॉन्फिग बरोबर, तरी बांधणी अडते

वितरणाची फाईल घेतली असेल तर एक अडथळा ठरलेला. उबुंटूच्या फाईलने बांधताना कॅनॉनिकल-सर्ट्स नावाची फाईल बनवायचा नियम नाही अशी तक्रार येते, डेबियनवर तशीच डेबियनच्या प्रमाणपत्रांची. कारण सिस्टिम-ट्रस्टेड-कीज या पर्यायात वितरणाच्या स्वतःच्या सोर्समधल्या फाईलचा पत्ता आहे, जी तुमच्याकडे नाही. तो पर्याय रिकाम्या अवतरणचिन्हांवर ठेवा. उबुंटूवर सिस्टिम-रिव्होकेशन-कीज हाही.

१०. बूट झाल्यावर खात्री

आयकेकॉन्फिग आणि आयकेकॉन्फिग-प्रॉक हे दोन पर्याय माझ्या प्रत्येक कर्नलमध्ये चालू असतात. त्यामुळे चालू कर्नलची कॉन्फिग फाईल प्रॉक फोल्डरात कॉन्फिग-डॉट-जीझेड या नावाने मिळते. झेडग्रेपने त्यात आपला पर्याय शोधा. बूटलोडरने चुकून जुनाच कर्नल चालू केला असेल तर तेही इथे उघड होतं. आवृत्ती यूनेम वजा आरने पडताळा, आणि बांधण्याआधी लोकलव्हर्जनमध्ये स्वतःचं एखादं शेपूट जोडा म्हणजे कोणता कर्नल कुठला ते लगेच ओळखता येतं.

मदत मागताना काय पाठवायचं

इतकं करूनही गाठ सुटली नाही तर विचारायला संकोच करू नका. फक्त ‘पर्याय चालू होत नाही’ एवढंच लिहून पाठवू नका. पुढच्या गोष्टी जोडा:

- कर्नलची नेमकी आवृत्ती, आणि वरचे कुणाचे पॅच लावले असतील तर ते
- आर्किटेक्चर, कंपायलर आणि त्याची आवृत्ती
- मेकला दिलेली पूर्ण आज्ञा, कॉन्फिग करतानाची आणि बांधतानाची
- तिरकी रेघ दाबून मिळालेलं त्या पर्यायाचं संपूर्ण उत्तर, किमतींसह. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर हवा
- डिफकॉन्फिगचा निकाल
- इशारे असतील तर पहिल्या इशाऱ्यापासूनचा मजकूर, शेवटच्या एररपासून नव्हे